पाठविलेली लिंक गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते काय?

ई-मेलची गाळणी आणि व्यापाऱ्याची साख

माल चांगला असला म्हणजे तिजारत चालते असे नाही. तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावा लागतो. पूर्वी दलाल नमुन्याचे तुकडे घेऊन पेढ्या-पेढ्यांवर फिरत असे. आज भिवंडीचे कोरे कापड असो, मालेगावची साडी असो, सोलापूरचा टॉवेल, औरंगाबादचा हिमरू किंवा मिरजेची सतार असो, पहिली ओळख फोटोवरून होते. गावातले आणि ओळखीचे व्यवहार व्हॉट्सअॅपवर होतात हे खरे. परंतु परदेशातील आयातदार, मोठे गारमेंट कारखाने आणि कंपन्यांची खरेदी खाती आजही भाव व नमुने ई-मेलनेच मागतात. जीमेलमध्ये पत्राला जास्तीत जास्त २५ एमबी वजनाची फाइल जोडता येते. शंभर डिझाइनचे फोटो त्यात मावत नाहीत. म्हणून आपण फोटो इंटरनेटवर ठेवतो आणि पत्रात फक्त त्याची लिंक देतो.

नेमका येथेच मामला बिघडतो. लिंक असलेले पत्र पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या मुख्य टपालात न पडता ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात जाते. हा कप्पा फारसे कोणी उघडत नाही, आणि जीमेल त्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप मिटवून टाकते. पाठविणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. व्यापारी समजतो, गिऱ्हाइकाला भाव पटला नाही. गिऱ्हाईक समजते, व्यापाऱ्याला गरज नाही. भांडण नाही, तक्रार नाही, आणि ऑर्डर मात्र दुसऱ्याच्या पेढीवर गेलेली असते. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी हा विषय कॉम्प्युटरवाल्या मुलावर सोडून न देता स्वतः समजून घेणे जरुरीचे आहे.

गाळणी का बसली?

अनोळखी माणसांना एकगठ्ठा जाहिरात पाठविण्याचा पहिला नोंदलेला प्रकार ३ मे १९७८ चा आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्याने आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना नव्या कॉम्प्युटरची जाहिरात पाठविली होती. १९९४ साली अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या कामाची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली, तेव्हा फार बोंब झाली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे नको असलेल्या पत्रांचा असा पूर आला की गाळणी बसविल्याखेरीज टपाल वाचणेच अशक्य झाले.

या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात, आणि या नावाची हकिकतही आपल्या वाचकांना माहीत असावी. स्पॅम हे १९३७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या डबाबंद डुकराच्या मांसाचे व्यापारी नाव आहे. १९७० मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीने एक प्रहसन केले. त्यातील खानावळीत काहीही मागितले तरी स्पॅमच पुढे येई. त्यावरून नको असताना पुन्हा पुन्हा पुढ्यात येणाऱ्या पत्रांना ते नाव चिकटले. तेव्हा आपल्या व्यापारी पत्रावर हा शिक्का बसू नये, यासाठी मुसलमान व्यापाऱ्याने थोडी अधिकच काळजी घ्यायला हरकत नाही!

गाळणी पत्राला गुण देते

गाळणी म्हणजे दारावरचा हिशेबी मुनीम समजा. २००१ पासून वापरात असलेल्या ‘स्पॅमअसॅसिन’ या प्रसिद्ध गाळणीची रीत पाहिली की बाकीच्यांचाही अंदाज येतो. पत्रातील प्रत्येक संशयास्पद गोष्टीला ती काही गुण देते. विषय सगळा मोठ्या अक्षरांत लिहिला, काही गुण. पत्रात मजकूर नाही, नुसते चित्र आहे, आणखी काही. लिंक बदनाम पत्त्याकडे जाते, पुष्कळ गुण. बेरीज पाचपर्यंत पोहोचली की पत्र स्पॅम ठरते. पाच हा तिचा मूळचा आकडा असून तो कमी-जास्त करता येतो. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखानंतर दुसरी रीत रूढ झाली. लोकांनी स्पॅम ठरविलेल्या आणि चांगल्या मानलेल्या पत्रांतील शब्दांची तुलना करून गाळणी स्वतःच शिकू लागली. आज जीमेल, याहू, आउटलुक यांच्या गाळण्या याच्या फार पुढे गेल्या असल्या, तरी मुख्य गोष्ट तीच आहे. एका शब्दाने पत्र अडत नाही, अनेक लहान संशय एकत्र येऊन ते अडते. म्हणून सुधारणाही अनेक लहान गोष्टींत करावी लागते.

लिंकची तपासणी कशी होते?

पत्रातील इतर कशाहीपेक्षा लिंकची तपासणी कडक होते, कारण फसवणूक करणाऱ्याला शेवटी माणसाला कुठेतरी न्यायचेच असते. गाळणी मुख्यतः पुढील गोष्टी पाहते.

पहिली, ज्या पत्त्यावर लिंक जाते तो बदनाम आहे काय. १९९८ मध्ये स्थापन झालेली स्पॅमहाउस आणि २००४ पासूनची सर्बल अशा संस्था बदनाम वेबपत्त्यांच्या याद्या ठेवतात. आपल्या बाजारात दिवाळे काढलेल्या पार्ट्यांची नावे जशी पेढ्या-पेढ्यांवर माहीत असतात, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी, दिसते एक आणि जाते भलतीकडे, असे तर नाही ना. अक्षरांत एक वेबपत्ता लिहिलेला आणि क्लिक केल्यावर दुसराच उघडतो, ही बँकेच्या नावाने फसविणाऱ्यांची ठरलेली चाल आहे. जाहिरातीची पत्रे पाठविणाऱ्या काही सेवा, किती जणांनी लिंक उघडली हे मोजण्यासाठी, आपली लिंक स्वतःच्या पत्त्यावरून फिरवून नेतात. त्यामुळे प्रामाणिक व्यापाऱ्याचे पत्रही असे दिसू शकते. अशी मोजणी बंद करता येत असेल तर ती बंद करावी.

तिसरी, पत्ता झाकला आहे काय. बिटली, टायनी-यूआरएल यांसारख्या सेवा लांब वेबपत्ता आखूड करून देतात. छापील कार्डावर ते सोयीचे आहे; पत्रात मात्र नाही, कारण आत काय आहे ते वरून दिसत नाही आणि त्याच सेवेचा आधार ठगही घेतात. बुरख्याआडच्या गाठीचा माल कोण विकत घेईल? पत्रात नेहमी पूर्ण पत्ता द्यावा.

चौथी, पत्ता किती जुना आहे. काल नोंदविलेले डोमेन आणि आज त्याच्या लिंकसह पाचशे पत्रे, हे गाळणीला संशयाचे वाटते. नवी वेबसाइट झाली की आधी काही आठवडे ओळखीच्या पार्ट्यांशी रोजचा साधा पत्रव्यवहार त्या पत्त्यावरून करावा. बाजारात नव्या पेढीला पहिल्याच दिवशी उधारी मिळत नाही, तसेच हे आहे.

पाचवी, शेजार कसा आहे. फुकट वेबसाइट देणाऱ्या सेवांत हजारो लोकांची पाने एकाच मुख्य पत्त्याखाली असतात. शेजारच्या गाळ्यात चोरीचा माल विकला जात असेल तर पोलीस आपल्याही गाळ्यात डोकावणारच.

यात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. अनेक कंपन्यांत पत्र माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वी यंत्र त्यातील लिंक स्वतः उघडून पाहते. म्हणून एकदाच उघडणारी, किंवा एकदा पाहिली की संपणारी लिंक पाठवू नये. यंत्राने ती आधीच उघडलेली असते आणि बिचाऱ्या गिऱ्हाइकाला रिकामे पान दिसते. याच कारणाने ‘तुमची लिंक चाळीस जणांनी उघडली’ अशा आकड्यांवर भरवसा ठेवून जास्तीचे सूत विकत घेऊ नये.

तीन ओळखपत्रे

ई-मेलमध्ये कोणीही कोणाच्याही नावाने पत्र लिहू शकतो, हा त्याचा जन्मजात दोष आहे. त्यावर तीन उपाय निघाले. त्यांची नावे इंग्रजी अक्षरांची असली तरी अर्थ सोपा आहे.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनवर लावलेली यादी. आमच्या नावाने पत्र पाठविण्याची मुभा अमुक अमुक सर्व्हरला आहे, एवढेच ती सांगते. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरचे सील. वाटेत पत्र बदलले गेले नाही आणि ते खरोखर त्याच डोमेनकडून आले, हे त्यावरून ताडून पाहता येते. डीमार्क म्हणजे हुकूम. वरच्या दोन्ही तपासण्यांत पत्र नापास झाले तर त्याचे काय करायचे, घ्यायचे, स्पॅममध्ये टाकायचे की परत लावायचे, हे डोमेनचा मालक त्यात लिहून ठेवतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबत सक्ती केली. पत्रे कितीही कमी असोत, एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवेच. जीमेलच्या ग्राहकांना दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्याला तिन्ही हवेत, शिवाय जाहिरातीच्या पत्रात एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय हवी. स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या आत राहिल्या पाहिजेत, आणि हजारी एकच्या खाली असाव्यात अशी जीमेलची सूचना आहे. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना असेच नियम लावले.

आपल्यापैकी पुष्कळांचे व्यापारी पत्र जीमेलच्या फुकट पत्त्यावरून जाते. जीमेल उघडून एकेक पत्र पाठविले तर त्यात वावगे काही नाही. सही-शिक्क्याचे काम जीमेल स्वतः करते. अडचण होते ती जीमेलचा पत्ता ‘पाठविणारा’ म्हणून लिहून दुसऱ्याच कुठल्या एकगठ्ठा सेवेतून पत्रे सोडली तर. तेव्हा पत्र जीमेलचे नाव सांगते आणि येते भलतीकडून. ते अडणारच. ज्यांना नियमित परगावी व परदेशी पत्रव्यवहार करायचा आहे त्यांनी स्वतःच्या पेढीच्या नावाचे डोमेन घ्यावे, वेबसाइट आणि ई-मेल दोन्ही त्याच नावावर ठेवावे. पाठविणाऱ्याचा पत्ता आणि लिंकचा पत्ता एकच असला की निम्मा संशय तेथेच मिटतो. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर नोंदवावे. वेबसाइट बनविणाऱ्याच्या नावावर ते राहिले, तर उद्या दुकानाची पाटी दुसऱ्याच्या मालकीची ठरते.

तपासणी घरबसल्या होते. जीमेलवर स्वतःलाच एक पत्र पाठवा, ते उघडून ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय निवडा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ लिहिलेले दिसले पाहिजे. न दिसल्यास ज्याच्याकडून डोमेन व ई-मेल घेतले त्याला हे पान दाखवा आणि दुरुस्त करून घ्या.

चलाखी नको

बाजारात गाळणी चुकविण्याचे नुस्खे सांगणारेही भेटतात. शब्दांची स्पेलिंग मोडून लिहा, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत भलताच मजकूर लपवा, पूर्वी पत्रव्यवहार झाला आहे असे भासविण्यासाठी विषयाआधी ‘आरई’ लिहा, रोज नव्या पत्त्यावरून पाठवा. हे सर्व ठगांचे मार्ग असून गाळणीला ते पाठ आहेत. त्यातून पत्र एखादे वेळी निसटेलही, पण पुढे आपले डोमेनच यादीत जाते आणि मग साधे बिलही पोहोचत नाही. शिवाय गिऱ्हाइकाला पहिल्याच पत्रात धोका देऊन सुरू केलेल्या व्यवहारात बरकत कोठून येणार? वजनात आणि मापात दियानतदारी जेवढी जरुरीची, तेवढीच पत्राच्या विषयातही आहे.

तोच प्रकार तयार यादीचा. ‘एक लाख आयातदारांचे ई-मेल अमुक रुपयांत’ अशा याद्या विकल्या जातात. त्यातील बरेच पत्ते मेलेले असतात, काही तर केवळ स्पॅमवाल्यांना पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असतात. अशा एका पत्त्यावर गेलेले पत्र आपल्या नावाला बट्टा लावते.

आपल्या दीनने दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी इजाजत घेण्याची, सलाम करण्याची आणि परत जा म्हटल्यास परत जाण्याची तालीम दिली आहे. माणसाचे टपाल हेही त्याचे घरच समजावे. प्रथम लिंक नसलेले चार ओळींचे पत्र लिहावे, आपण कोण, काय बनवितो, नमुने पाठवू काय, असे विचारावे. जवाब आला की मग लिंक पाठवावी. गिऱ्हाइकाने उत्तर दिलेल्या पत्त्याकडे गाळणीही भरवशाने पाहते. जवाब न आल्यास एक-दोनदा आठवण द्यावी व थांबावे. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याप्रमाणे जाहिरातीच्या पत्रात खरा विषय व पाठविणाऱ्याचा टपालाचा पत्ता असावा लागतो, आणि नको म्हणणाऱ्याचे नाव कामाच्या १० दिवसांत काढावे लागते. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला पाठविलेल्या पत्रालाही हा कायदा लागू आहे. निर्यात करणाऱ्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे.

पत्र कसे असावे?

आपल्यापैकी ज्यांची तालीम उर्दू माध्यमातून झाली त्यांना इंग्रजी पत्राची धास्ती वाटते. मग इंटरनेटवरचे तयार पत्र उचलले जाते. ‘आम्ही अग्रगण्य उत्पादक असून सर्वोत्तम दर्जा, सर्वात कमी भाव’ हेच शब्द हजारो लोकांनी उचललेले असतात. गाळणी आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला कंटाळले आहेत. त्यापेक्षा साध्या, तुटक का होईना, पण स्वतःच्या भाषेत नेमके लिहावे. नमुन्यादाखल एक पत्र असे :

विषय : ६० इंच पन्ह्याच्या कोऱ्या कॉटनचे ८ नमुने, आपल्या ५ तारखेच्या मागणीप्रमाणे

‘जनाब, आपण ५ तारखेला फोनवर ६० इंच पन्ह्याच्या कोऱ्या कॉटनचे नमुने मागितले होते. ८ जातींचे फोटो, काउंट, रीड-पीक आणि मीटरचा भाव आमच्या वेबसाइटवरील खालील पानावर ठेवला आहे. पाहण्यासाठी पासवर्ड किंवा नोंदणी लागत नाही. भावाचा एक पानी कागद सोबतही जोडला आहे. पान न उघडल्यास याच पत्राला उत्तर द्यावे, कापडाचे तुकडे कुरिअरने पाठवू.’

याखाली लिंकचा पूर्ण पत्ता, नाव, पेढीचा पत्ता, फोन आणि जीएसटी क्रमांक. या पत्रात लिंक एकच आहे, तिच्यामागे काय आहे ते आधीच सांगितले आहे, ती न उघडल्यास दुसरा मार्ग दिला आहे. फोटो गुगल ड्राइव्हवर ठेवले असतील तर ‘लिंक असणारा कोणीही पाहू शकेल’ हा पर्याय निवडला आहे ना, ते दुसऱ्या फोनवरून पाहून घ्यावे. नाहीतर गिऱ्हाइकाला परवानगी मागण्याचे पान दिसते आणि तो तेथेच सोडून देतो. ईद किंवा दिवाळीच्या मुबारकबादीचे चित्र व लिंक एकाच दिवशी सातशे पत्त्यांवर सोडू नये. फुकट जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० आहे. ती ओलांडली तर खातेच काही काळ बंद होते, आणि नेमके त्याच दिवशी एखाद्याला बिल पाठवायचे असते.

तरीही पत्र अडले तर

पत्र परत आले असेल तर त्यातील आकडा वाचावा. ४ ने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण सांगतो, ५ ने सुरू होणारा कायमची. जीमेलकडून ५.७.२६ हा आकडा आला तर ओळखपत्रांत गडबड आहे असे समजावे. पत्र परत आले नाही आणि जवाबही नाही, तर फोन करून गिऱ्हाइकाला स्पॅम कप्पा पाहण्याची, पत्रावर ‘स्पॅम नाही’ असे बटण दाबण्याची व आपला पत्ता नोंदवून ठेवण्याची विनंती करावी. शंभर तांत्रिक उपायांपेक्षा हा एक फोन अधिक उपयोगी पडतो.

वेबसाइटच बदनाम झाली असेल तर कारण पुष्कळदा घरातच सापडते. वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेली साइट चोर फोडतात आणि तिच्यात जुगाराची किंवा फसवणुकीची पाने घुसवितात. मालकाला खबरही नसते. अशा वेळी आधी साइट साफ करून घ्यावी, मग यादीतून नाव काढण्याची विनंती करावी. स्पॅमहाउस या कामाचे पैसे घेत नाही. ‘पैसे द्या, नाव काढून देतो’ असे कोणी म्हणाला तर तो ठग समजावा.

एसएमएसचा मामला निराळा आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२४ पासून, टेलिकॉम कंपनीकडे आधी मंजूर न केलेली लिंक असलेले व्यापारी एसएमएस ट्रायच्या आदेशाने अडविले जातात. म्हणजे तेथेही हवा तोच रस्ता आहे, आधी ओळख व नंतर लिंक.

पैशाच्या बाबतीत एक खबरदारी

लिंक पोहोचविण्याच्या नादात एक धोका विसरू नये. ठग व्यापाऱ्याचा ई-मेल फोडून त्याच्या नावाने गिऱ्हाइकाला लिहितात, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या लिंकवर नवा नंबर पहा.’ गिऱ्हाईक पैसे भरते, माल देणारा वाट पाहत राहतो आणि दोघांचे नाते तुटते. म्हणून प्रत्येक पार्टीला आधीच लेखी कळवून ठेवावे की आमचे खाते बदलल्याची बातमी आम्ही कधीही लिंकने देणार नाही, आणि तसे पत्र आले तर ओळखीच्या नंबरावर फोन करून खात्री करावी. ई-मेलला दुहेरी पासवर्डची सोय लावावी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तेथे एक-एक तास मोलाचा असतो.

बंधूंनो, यंत्राची गाळणी आपली दुश्मन नाही. ती जे विचारते ते आपला जुना बाजारही विचारीत असे. कोण आहेस, कोणाच्या ओळखीने आलास, गाठीत काय आहे, आणि बोलतोस तसा माल देतोस काय. ज्यांची जबान आणि माप दुरुस्त आहे त्यांना या सवालांचे भय नाही. या आठवड्यात निदान एवढे तरी करा, स्वतःला एक पत्र पाठवून तिन्ही ओळखपत्रे ‘पास’ आहेत की नाही ते पाहा आणि स्वतःचा स्पॅम कप्पाही एकदा उघडून पाहा. कोण जाणे, एखाद्या गिऱ्हाइकाची मागणी तेथेच पडून असेल. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.